स्टेशन अकोला, माणूस वाकड!

'तुमच्याकडे किती एमबीपीएस?' हा प्रश्न हल्ली 'पॅकेज किती?' इतक्याच सहज विचारला जातो. शंभर सांगणारा जरा ओशाळतो, तीनशे सांगणारा खुर्चीत मागे रेलतो. मध्यंतरी ऑफिसच्या कँटीनमध्ये हाच विषय रंगला होता. मी म्हटलं, "माझ्या बाबांचं अख्खं रेडिओ स्टेशन सव्वाशे केबीपीएसवर चालतं." के. एम नाही, के! टेबलावर दोन सेकंद शांतता. मग प्रश्न आला, "कुठलं एफएम?"

तर आधी तेच क्लिअर करू. एफएम नाही. गाणी नाहीत, जाहिराती नाहीत, आरजे तर नाहीच नाही. बाबा हॅम आहेत. म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारची परीक्षा द्यायची, लायसन्स घ्यायचं, एक कॉलसाइन मिळवायचं आणि मग घरच्या अँटेनावरून जगातल्या दुसऱ्या हौशी माणसाशी बोलायचं. धंद्याचं बोलायचं नाही, कुणासाठी प्रसारण करायचं नाही, पैसे घ्यायचे नाहीत. भारतातली कॉलसाइन्स 'व्हीयू'ने सुरू होतात. राजीव गांधींचं होतं व्हीयू-टू-आरजी. बाबांचंही व्हीयू-टूच आहे, पुढची अक्षरं त्यांच्या मित्रांना पाठ आहेत.

आता तुम्ही म्हणाल, व्हॉट्सअॅप आहे ना, मग हे कशाला? हा प्रश्न मी स्वतः कॉलेजात असताना रोज विचारायचे. बाबा एकच उदाहरण द्यायचे. डिसेंबर २००४. भारती प्रसाद नावाच्या हॅम आपल्या टीमबरोबर पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या, अंदमानातून जगाशी बोलायला. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन गेले, आणि हौसेसाठी नेलेल्या त्याच सेटवरून निरोप जायला लागले. कोण सुखरूप आहे, कुठे काय हवंय. हे सगळं ऐकून मी "हो हो" म्हणायचे आणि मोबाइलमध्ये डोकं घालायचे. अठराव्या वर्षी बापाची हौस कुणाला कूल वाटते, सांगा!

आमचं घर अकोल्याला, जठारपेठेत. गच्चीवर लोखंडी पाइप, पाइपाच्या टोकावरून दोन्ही बाजूंना उतरणारी तांब्याची तार. एक बाजू दहा मीटर, दुसरी दहा मीटर. सात मेगाहर्ट्झसाठी एवढी लांबी लागते. जिन्याखालच्या खोलीत टेबल, टेबलावर सेट, भिंतीवर देशोदेशीची क्यूएसएल कार्डं. दोन स्टेशनांचं बोलणं झालं की पुरावा म्हणून पोस्टाने पाठवायची ती कार्डं. बाबांचा पहिला सेट त्यांनी स्वतः जोडलेला. हैदराबादच्या अशर फरहान यांनी 'बिटएक्स' नावाचं साधं, स्वस्त डिझाइन सगळ्यांसाठी खुलं केलं, त्यावरून. बाजारातून एकेक पार्ट आणून. आई म्हणायची, "या माणसाच्या खिशात रुपाया सापडत नाही, रेझिस्टर सापडतो."

रोज सकाळी सात मेगाहर्ट्झवर बाबांच्या मित्रमंडळाची हजेरी. कुणी नागपूरचा, कुणी इंदूरचा, कुणी पार कर्नाटकातला. काय बोलायचे? काही नाही. पाऊस, अँटेना, बीपीची गोळी. पण हजेरीचा एक अलिखित नियम होता. कुणी चार-पाच दिवस आला नाही की त्याची चौकशी व्हायची. हॅम लोकांत मेलेल्या माणसाला 'सायलेंट की' म्हणतात. की म्हणजे मोर्सची की, ती गप्प झाली. त्यामुळे या मंडळात गप्प राहणं ही साधी गोष्ट नाही.

आई गेल्यावर दोन वर्षं बाबा अकोल्यात एकटे राहिले. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जिना बंद झाला आणि मी त्यांना वाकडला घेऊन आले. अकरावा मजला, लिफ्ट, खाली बाग, सगळं कसं परफेक्ट. सेटही आणला होता गाडीतून, मांडीवर धरून. बाल्कनीत बोटभर तार टांगली आणि सेट ऑन केला, तर नुसता खर्रर्र! सिग्नलचा काटा एस-नाइनवर चिकटलेला, आणि तो कुणाच्या आवाजाने नाही, कचऱ्याने. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, चार्जर, लिफ्टच्या मोटरचा कंट्रोलर, समोरच्या टॉवरवरचे सोलर इन्व्हर्टर... आपल्याला दिसत नाही, पण शहरातली प्रत्येक स्वस्त पॉवर सप्लाय एक छोटं ट्रान्समीटर असते. गच्चीवर तार बांधायला सोसायटीने नाही म्हटलं. बाबांनी सेट खोक्यात भरला आणि टीव्हीसमोर बसले. दिवसभर बसले. मी आयटीत टेस्टर आहे, न बोलणारी सिस्टिम मला ओळखू येते.

दादाचं म्हणणं वेगळं होतं. तो बंगळुरूला असतो. "घर रिकामं आहे, बाबा इथे आलेत, भाव बरा आहे, विकून टाकू." चुकीचं काही नव्हतं त्यात. पण गच्चीवरची तार अजून तिथेच होती आणि मला एकदम स्ट्राइक झालं, की अँटेना पुण्यात आणायची गरजच काय? मी रोज वाकडमध्ये बसून दुसऱ्या देशातला सर्व्हर चालवते. अकोल्यातला एक सेट नाही चालवू शकत?

जगात ही कल्पना नवी नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात २००८ पासून एक वेबएसडीआर आहे. ब्राउझर उघडायचा आणि तिथल्या अँटेनावर काय येतंय ते ऐकायचं, शून्यापासून २९ मेगाहर्ट्झपर्यंत. फुकट. आज रात्री फोनवर करून बघा, नेटफ्लिक्सपेक्षा वेगळी मजा आहे. परदेशात कितीतरी हॅम आपलं स्टेशन गावाबाहेर ठेवतात आणि शहरातून चालवतात. अडचण त्यांचीही तीच, जागा आणि कचरा.

बाबांची पहिली शंका: "एवढं इंटरनेट लागीन ना वं? अकोल्यात तेवढं येते काय?"

इथे 'बँडविड्थ' या शब्दाची गंमत आहे. आमच्यासाठी बँडविड्थ म्हणजे सेकंदाला किती बिट. बाबांसाठी बँडविड्थ म्हणजे हर्ट्झ, हवेत किती जागा अडवली. हवेत जागा अडवणं हे हॅमच्या जगात पाप आहे, त्यामुळे त्यांचं सगळंच मुळात काटकसरीचं. एसएसबी पद्धतीत माणसाचा आवाज जेमतेम अडीच-तीन किलोहर्ट्झमध्ये बसवतात. मोर्स तर त्याहून कंजूस. मिनिटाला वीस शब्दांच्या मोर्समध्ये सेकंदाला सतराच्या आसपास ठिपके मावतात, म्हणजे साधारण सतरा बिट प्रति सेकंद! आपण ज्या वेगाला शिव्या देतो, त्यात असे शेकडो ऑपरेटर एकाच वेळी गप्पा मारतील.

मग हिशोब मांडला. कागदावर, बाबांना समजेल असा. टेलिफोनच्या दर्जाचा आवाज जुन्या पद्धतीने पाठवला तर ६४ केबीपीएस. पण २०१२ मध्ये प्रमाणित झालेला ओपस नावाचा कोडेक आहे, तो २४ मध्ये त्याहून छान आवाज देतो. आवाज छोट्या पाकिटांतून जातो, दर वीस मिलिसेकंदांनी एक, म्हणजे सेकंदाला पन्नास. प्रत्येक पाकिटावर पत्ता लिहायला ४० बाइट. झाले आणखी १६ केबीपीएस. वर सुरक्षेसाठी व्हीपीएनचा बोगदा, त्याचे पाकिटामागे ६० बाइट, म्हणजे २४ केबीपीएस. बेरीज ६४. म्हणजे पत्र २४चं आणि लिफाफा ४०चा! बाबा खूष. "सरकारी पत्रव्यवहारासारखं हाय म्हणा."

सेटचं कंट्रोल, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदल, आवाज कमी-जास्त कर, याला दहासुद्धा लागत नाहीत. जास्त खातो तो वॉटरफॉल. स्क्रीनवर वरून खाली सरकणारा रंगीत पट्टा, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर कोण बोलतंय ते दाखवणारा. यात लोक भरकटतात. अँटेनाचा कच्चा सिग्नल जसाच्या तसा पुण्याला आणायचा म्हटला, तर नुसत्या १९२ किलोहर्ट्झच्या पट्ट्याला सहा एमबीपीएसच्या वर लागतात. त्यापेक्षा अकोल्यातल्या छोट्या कॉम्प्युटरलाच चित्र काढू द्यायचं आणि फक्त चित्र पाठवायचं. पाचशे ठिपके, सेकंदाला दहा ओळी, ४० केबीपीएस. खल्लास. सगळं मिळून सव्वाशेच्या आत. तासाला साधारण ५५ एमबी. बाबा रोज तीन तास बसले तरी महिन्याला पाच जीबी. आमच्या शेजारचा मुलगा तेवढे एका संध्याकाळच्या गेम-अपडेटला उडवतो.

आणखी एक गोष्ट सांगते, मला ती भारी आवडली. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस असं ठरलं होतं. पुढच्या वर्षी बीएसएनएलचं डेटावन आलं तेव्हा त्याच वेगावर आपण उड्या मारल्या होत्या. आज ती व्याख्या २ एमबीपीएस आहे, २०२३ पासून. बाबांचं स्टेशन त्या जुन्या व्याख्येतसुद्धा निम्म्या जागेत बसलं असतं. फक्त एक पाचर आहे. आपण प्लॅन घेताना डाउनलोड बघतो. स्टेशनच्या बाजूने मात्र सगळं जातं ते अपलोडमधून. अकोल्याचं अपलोड म्हणजे बाबांचे कान.

आणि खरं सांगू? वेग हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता सातत्याचा. व्हिडिओ बघताना तो आधीच दहा सेकंद साठवून ठेवलेला असतो, त्यामुळे नेट अडखळलं तरी कळत नाही. संभाषणात साठवायला वेळच नाही. रेडिओ लहर अकोला ते पुणे हे सरळ रेषेतले चारशेएक किलोमीटर दीड मिलिसेकंदाच्या आत कापते. माझ्या पाकिटांना जायला-यायला ४०-४५ लागतात, तेही मूड असेल तर. कधी ९०, कधी एक पाकीट गायबच. म्हणून मधे थोडा साठा ठेवावा लागतो, जितका साठा मोठा तितका आवाज गुळगुळीत, आणि तितका उशीर. टेलिफोनच्या जगात एका दिशेला १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालतो असं मानतात. आवाजाला ठीक आहे. मोर्समध्ये मात्र स्वतःचीच टकटक उशिरा कानावर आली की बोटं अडखळतात, त्यामुळे टकटक पुण्यातच ऐकवायची आणि अकोल्याला नुसते निरोप पाठवायचे. शंभर एमबीपीएस असले तरी या प्रकरणात उपयोग शून्य. दहा लेनचा हायवे असून सिग्नलला थांबायचंच असेल तर काय!

बाकीची कसरत टेक्निकल होती, थोडक्यात सांगते. बऱ्याच फायबर आणि फोर-जी कनेक्शनना इंटरनेटवर स्वतःचा पत्ता मिळत नाही, अख्ख्या मोहल्ल्याला मिळून एक. त्यामुळे पुण्याहून अकोल्याचं दार ठोठावताच येत नाही. मग मुंबईत एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला, दोन्ही बाजू त्याला फोन लावतात आणि तिथे भेटतात. कळसूत्री बिटएक्सला कॉम्प्युटरची वायर लागत नाही, म्हणून एक जुना जपानी सेट घेतला. ईएमआय नाही, एकरकमी! मग महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडून अकोल्याला. मे महिना. जिन्याखालच्या खोलीत दुपारी तीन वाजता राउटरला हात लावला तर चटका. अकोल्याचं ऊन काय असतं ते पुण्यात 'हीटवेव्ह' म्हणून रील टाकणाऱ्यांना समजणार नाही. राउटर, सेट, कॉम्प्युटर सगळं खाली स्वयंपाकघरात हलवलं, जिथे आईचा फ्रिज होता त्या जागी. सगळ्यात गार कोपरा तोच.

बाबांची अट एकच होती, वीज. ते अकोल्यात असताना आभाळ आलं की पहिली धाव अँटेनाची वायर काढायला. आता कोण धावणार? एक रिले बसवली, पुण्यातून बटण दाबलं की अँटेना सेटपासून सुटते. आणि बटण दाबलं नाही तरी, लिंक तुटली की आपोआप सुटते. ट्रान्समिटचंही तसंच. समजा बाबा बोलताहेत आणि नेट गेलं, तर सेट ऑन राहून हवेत बोंबलत बसता कामा नये. पाकिटं आली नाहीत की अर्ध्या सेकंदात गप्प. तरी रिलेमधली फट ती काय, खरी वीज त्यावरून सहज उडी मारते. त्यामुळे गल्लीतले काका किल्ली ठेवून आहेत. तेही हॅम, बाबांचेच चेले. "तुमी फिकर नका करू, आभाळ आलं का मी वायर उपटून बादलीत टाकतो."

आणि हो, आपत्तीत उपयोगी पडणारं स्टेशन ते हे नव्हे. अंदमानात सगळं बंद असताना रेडिओ चालला, कारण मधे इंटरनेट नव्हतं. आमच्या स्टेशनच्या मधे फायबर आहे, रस्ता खणणाऱ्या जेसीबीच्या दयेवर. त्याबाबतीत उगाच मोठ्या गोष्टी करायच्या नाहीत.

जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी बाबांच्या हातात लॅपटॉप दिला, कानाला हेडफोन. वॉटरफॉल सुरू झाला. गर्द निळा. पुण्यातल्या त्या पिवळ्याधमक कचऱ्यानंतर इतका निळा रंग मी बघितला नव्हता. त्या निळ्यात बारीक पांढरी रेघ उमटली, बाबांनी माउस तिथे नेला आणि आवाज आला. हजेरी चालू होती. एक जण, दुसरा, तिसरा. मग कुणीतरी बाबांचं कॉलसाइन घेतलं आणि हिंदीत विचारलं, यांचं काही कळलं का? तीन महिने झाले, आवाज नाही. पलीकडून उत्तर आलं नाही. आणि मग ते मधलं थांबणं... रेडिओत थांबणं फार लांब वाटतं.

मी म्हटलं, "बाबा, बोला ना! स्पेसबार दाबा."

बाबांनी हात मागे घेतला. लायसन्सवर स्टेशनचा पत्ता असतो. पत्ता अकोल्याचा, स्टेशन अकोल्याचं, पण बोलणारा माणूस वाकडला. हे नियमात बसतं की नाही, हे वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगकडून लेखी आल्याशिवाय की दाबायची नाही, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. पत्र गेलं होतं, उत्तर यायचं होतं. माझा संताप झाला. महिनाभर खपून मी ते उभं केलं होतं, सगळं टेस्टेड, आणि समोर मित्र हाका मारताहेत! "कुणाला कळणार आहे बाबा?"

"मले," बाबा म्हणाले.

मग त्यांनी काय केलं माहितेय? मोबाइल उचलला आणि काकांना फोन लावला. साधा फोन. "सेट लाव बे तुहा. आपले लोकं इचारून राहिले. सांगजो त्याइले, मी हाय अजून. आयकून राहिलो म्हणा." दोन मिनिटांनी हेडफोनमधून काकांचा आवाज आला, त्यांच्या स्वतःच्या सेटवरून, गल्लीतूनच असल्याने दणदणीत. निरोप दिला. आणि मग जो गलका झाला! एकावर एक पाच-सहा जण, काहीच समजेना. बाबा हेडफोन दोन्ही हातांनी दाबून ऐकत होते. मी चहा टाकायला आत गेले, कारण तिथे उभं राहवेना.

तेव्हापासून रोज सकाळी हेच. बाबा रेडिओवर ऐकतात, फोनवरून काकांना सांगतात, काका हवेत बोलतात. काकांचा जबाब बाबांपेक्षा लांब असतो, त्यात स्वतःचं मीठमसालं असतं आणि मग बाबा फोनवर ओरडतात, "मी असं नाही म्हटलं बे!" याला हॅमच्या भाषेत काय म्हणतात कुणास ठाऊक, पण टीव्ही मात्र दुपारपर्यंत लागत नाही. गुडघ्याचे व्यायामही होतात, कारण हजेरीच्या आधी आंघोळ उरकायची असते.

गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला होता. रिकाम्या घराचं नेटचं बिल कोण भरतं, असं त्याने विचारलं. मी भरते म्हटलं. मग घराचा विषय निघाला, एक पार्टी बघायला येऊ इच्छिते. मी फोन बाबांना दिला.

"पावसाळा होऊन जाऊ दे, मग पाहू," बाबा म्हणाले आणि हेडफोन कानाला लावला. हेच ते उन्हाळ्याच्या आधीही म्हणाले होते, फक्त तेव्हा उन्हाळा होता.